परबबाईंची ऐकवणी

हल्ली आमच्या महासंघातल्या बैठका संपतच नाहीत. आभार मानून होतात, चहाचे कप उचलले जातात, तरी माणसं खुर्चीच्या कडेवर येऊन बसून राहतात आणि कुणीतरी 'फक्त एकच मुद्दा' म्हणून पुन्हा घोडं दामटतो. परबबाई होत्या तोवर असं होत नसे. त्यांच्या काळ्या पर्सला एक रुंद पितळी बकल होतं. आता बोलण्यासारखं काही उरलं नाही असं बाईंना वाटलं, की त्या चष्मा पर्समध्ये टाकत आणि बकल लावत. टक्. एवढाच आवाज. पण त्या आवाजाला मोठमोठे कारखानदार उठून उभे राहत, आणि उभं राहिल्यावर आपण का उठलो याचा विचार करत.

बाई आता नाहीत. पर्सही नसेल.

महासंघ म्हणजे देशभरच्या व्यापारी-उद्योजकांची संस्था. मुख्य कचेरी दिल्लीत, आम्ही मुंबई शाखा, लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत. काम काय, तर सरकारला सांगत राहणं. हे शुल्क कमी करा, तो परवाना काढून टाका, अमकी परवानगी एकाच खिडकीत द्या. दर अर्थसंकल्पाआधी आमच्याकडून एक जाडजूड निवेदन जातं. त्यातला व्यापाराचा भाग परबबाईंचा, आणि त्याला भाषेचं पॉलिश मारणारा मी. मी इथे आलो तो एका वर्तमानपत्रातून नारळ मिळाल्यावर. तिथे मी अग्रलेख लिहीत असे. म्हणजे खरे अग्रलेख लिहिणारे रजेवर असत त्या दिवशी.

बाई नायगावच्या बीडीडी चाळीत वाढल्या आणि तिथेच राहिल्या. घर मालवणकडचं. वडील गिरणीत. ती गिरणी नेमकी आमच्या इमारतीच्या जागी होती, अशी एक हृदयद्रावक कथा ऑफिसात प्रचलित होती. मी एकदा ती एका पाहुण्याला बाईंच्या देखत सांगितली. बाई म्हणाल्या, "नाही. दोन गल्ल्या पुढे. उगीच नाटक करू नका."

आमच्या कचेरीत मांसाहाराला बंदी होती. लेखी नव्हे, पण व्यापार समितीचे निमंत्रक कडक शाकाहारी, त्यामुळे सगळेच जपून असत. बाई जुन्या फायलींच्या खोलीत खिडकी उघडून बांगड्याचं तिखलं खात. निमंत्रक लिफ्टमधून बाहेर पडत, नाकाला रुमाल लावत आणि म्हणत, "परबबाई आल्या आहेत वाटतं. चला, बैठक सुरू करू."

मला त्या कधीच नावाने हाक मारत नसत. "अहो गिरगावकर." मी गिरगावातला, एवढीच माझी त्यांच्या लेखी ओळख. तीही काही कौतुकाने नव्हे.

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला मसाल्याच्या धंद्यावर एक टिपण लिहायला दिलं. सुटी मिरचीपूड, हळद यांवर स्वच्छतेचे कडक नियम यावेत, नोंदणी झालेल्या कारखान्यांचाच माल विकला जावा, म्हणजे परदेशात आपल्या मसाल्याचं नाव होईल, अशी महासंघाची मागणी होती. मी झपाटून लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, कारण ते लिहून झाल्यावर मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेलो होतो. 'संरचनात्मक फेररचनेतून असंघटित घटकांचे सुयोग्य स्थित्यंतर अपेक्षित आहे.'

बाईंनी वाचलं. "यात कोण मरतंय?"

"मरतंय म्हणजे?"

"स्थित्यंतर कुणाचं?"

"असंघटित घटकांचं."

"त्यांना नाव असेल की काहीतरी." त्यांनी कागद घडी करून माझ्या खिशात घातला. "चला. लालबागला जाऊन वाचून दाखवा."

मला वाटलं, गंमत करताहेत. बाई गंमत करत नसत. आम्ही खरोखर लालबागला गेलो, मिरचीच्या गल्लीत, जिथे बायका घरची मिरची घेऊन येतात आणि डंकावर कुटून नेतात. डंक धाडधाड चालू होते. हवेत तिखट. बाईंनी चार डंकवाल्यांना आणि तिथल्या कामकरी बायकांना गोळा केलं, मला एका पोत्यावर उभं केलं आणि म्हणाल्या, "वाचा."

मी 'संरचनात्मक' म्हणालो आणि शिंकलो. 'फेररचनेतून'ला पुन्हा शिंकलो. 'असंघटित घटकां'पर्यंत माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक गळत होतं आणि आवाज कापत होता. एकेक करून डंक थांबले. एका म्हातारीने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "रडू नको रे झिला. नोकरी गेली काय तुझी? दुसरी मिळात."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. हसणं ओसरेपर्यंत थांबल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "हे झालं तर तुमचे डंक बंद होतील. यांनी लिहिलंय त्याचा अर्थ एवढाच आहे."

मग कुणी हसलं नाही. एका डंकवाल्याने विचारलं, "मग हे आम्हाला सांगायला कशाला आलात?"

"आमच्या तोंडून कळावं म्हणून. आणि तुमचं काही म्हणणं असेल तर घेऊन जायला."

बराच गलका झाला. शिव्याही झाल्या, त्यातल्या बऱ्याच मला, कारण पोत्यावर मी उभा होतो. पण त्या गलक्यातून एक गोष्ट वर आली. डंकवाला म्हणाला, "बाई, आम्ही मिरची विकत नाय. गिऱ्हाईक आपली आणतं, आम्ही नुसती कुटून देतो. विकणाऱ्याचा नियम आम्हाला कशाला?" बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं निवेदनात घातलं. ते टिकलं. आज त्या गल्लीत डंक वाजतात, त्यात थोडं त्या वाक्याचं आहे आणि थोडं माझ्या शिंकांचं, असं मी आपलं समजतो.

ऑफिसात याला 'परबबाईंची ऐकवणी' म्हणत. मसुदा दिल्लीला जाण्याआधी, ज्यांचं त्याने नुकसान होणार त्यांच्यापुढे तो उभं राहून वाचायचा, ही बाईंची पद्धत. दिल्ली काय म्हणते ते कळल्यावर पुन्हा जायचं आणि तेही वाचून दाखवायचं. बाई म्हणत, "ज्याच्या पोटावर येणार, त्याच्या तोंडावर वाचायचं." त्या कुठून हे शिकल्या, ते मला त्याच दिवशी लालबागच्या नाक्यावर, बसची वाट बघताना कळलं. मी डोळे पुसत होतो. मला बोलायला लावू नये म्हणून असेल, त्याच बोलल्या.

"आमच्या बाबांची गिरणी बंद पडली, पण बंद झाली असं कुणी सांगितलं नाही. बंद करायला परवानगी लागायची, ती मिळत नव्हती. म्हणून कागदावर चालूच. मालक सांगेना, युनियन सांगेना, सरकार सांगेना. बाबा रोज डबा घेऊन गेटवर जायचे. आज उघडेल म्हणून. गेटवरच डबा खायचे आणि सुटीच्या वेळेला परत यायचे. आई रोज डबा द्यायची, तिलाही वाटे आज उघडेल. आत यंत्रं विकली गेली होती, मांजरं व्यायली होती. ते शेवटपर्यंत कामगारच होते." बस आली. चढता चढता म्हणाल्या, "जे मरणार आहे ते मरू द्यावं. पण सांगून."

म्हणजे बाई सुधारणांच्या विरोधात होत्या असं कुणी समजू नये. आमच्या इमारतीत सुधारणांवर मनापासून विश्वास असलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे बाई. बाकीच्यांचा आपापल्या शुल्कापुरता. परळच्या एका मूर्तिकाराच्या गणपतीच्या मूर्ती परदेशी जात आणि दरवर्षी गोदीत अडकत, कारण त्या खेळणी, शोभेच्या वस्तू की आणखी काही, यावर कस्टमच्या साहेबांचं एकमत होत नसे. चतुर्थी उलटून जाई. बाईंनी त्या एका गोष्टीसाठी वर्षानुवर्षं दिल्लीचे उंबरे झिजवले आणि अखेर कागदपत्रं सोपी करून घेतली. मधल्या एका वर्षी त्या गावी असताना मी डोकं चालवून अर्जात 'नाशवंत माल' असं लिहिलं, म्हणजे लवकर सोडतील. गोदीवाल्यांनी मूर्ती तत्परतेने शीतगृहात ठेवल्या. बाहेर आल्या तेव्हा दमट होऊन सोंडा गळल्या होत्या. ती ऐकवणी मी एकट्याने केली. मूर्तिकाराने सोंडेचा एक तुकडा माझ्या हातात ठेवला.

बाईंना एक धाकटा भाऊ होता, नंदू. चिंचपोकळीला रुळांच्या बाजूला छोट्या कारखान्यांची जी रांग आहे, तिथे त्याचा गाळा. बॅगा, पर्स, पट्टे यांना लागणारी बकलं आणि कड्या तो बनवायचा. साचे स्वतः कोरायचा. बाईंच्या पर्सचं बकल त्याचं पहिलंवहिलं. "तेव्हा त्याला माप कळत नव्हतं, म्हणून एवढं रुंद झालं," असं त्या सांगत. आणि ते सांगताना बकल एकदा उघडून लावत, जे त्या एरवी विनाकारण कधी करत नसत. बाईंनी लग्न केलं नव्हतं. गणपती नंदूकडे असायचा, तेवढे दिवस बाई रजेवर.

एका वर्षीच्या निवेदनात बॅगा निर्यात करणाऱ्यांची मागणी होती. बाहेरच्या देशांतली स्वस्त बकलं, चेन, कड्या यांच्यावरचं आयात शुल्क काढून टाका. माल स्वस्त होईल, ऑर्डरी वाढतील, बॅगा शिवणाऱ्या कितीतरी हातांना काम मिळेल. मागणी खोटी नव्हती. समितीचे निमंत्रक स्वतः बॅगांच्या धंद्यातले होते, पण तेही काही पोटात ठेवून बोलत नव्हते. बाईंनी मसुदा लिहिला, नेहमीसारखा स्वच्छ. मग मला म्हणाल्या, "गिरगावकर, उद्या चिंचपोकळी. मी वाचणार आहे, तुम्ही नुसते या."

मी म्हटलं, "बाई, या वेळेला ऐकवणी नाही केली तर?"

"इतरांच्या दारात गेले, ते मग कशाला गेले होते?"

नंदू बकलं दाबून काढायच्या प्रेसवर वाकलेला होता. ताईला बघून त्याने प्रेस थांबवला. "काय गो ताई, आज इलंस कशी? गणपतीक वेळ असा अजून." मग माझ्याकडे बघून, "आणि ह्यो कोण? रडणारो?" लालबागची कीर्ती चिंचपोकळीपर्यंत पोचली होती.

बाईंनी सांगितलं, निवेदन वाचायला आलेय. नंदूला ऐकवणी म्हणजे काय ते माहीत होतं. ताईच्या तोंडून तो सगळ्या ऐकून होता, आणि हसत आला होता. आज तो हसला नाही. त्याने स्टूल पुसून दिलं. बाई बसल्या नाहीत. शेजारच्या गाळ्यातून अँथनी आला. तो नंदूच्या बकलांना पॉलिश करायचा, दोन्ही गाळ्यांत मिळून एकच पंखा होता. तो म्हणाला, "बाई, जरा मोठ्याने. माझंपण काम त्यातच हाय."

बाईंनी अख्खा परिच्छेद वाचला. रुळांवरून गाडी गेली तेव्हा थांबल्या, गाडी गेल्यावर तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "हे झालं तर तुमचे गाळे बंद होतील."

नंदूने चहा सांगितला. चहा आला. मग तो म्हणाला, "ताई, बाबांका कोणी असां वाचून दाखवलां असतां, तर गिरण चालली असती?"

"नसती."

"मगे?"

"मग ते रोज डबा घेऊन गेटवर गेले नसते."

नंदूने बशीत चहा ओतला. "म्हणजे मी डबो नेऊचो नाय. इतक्याच."

मी त्या वेळी एक सुतळी उचलून तिला गाठी मारत होतो. माणसाला काही सुचत नसलं की सुतळी फार उपयोगी पडते.

बाईंनी विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे ते सांग. मी नेते."

नंदूने विचार केला. तो घाईत बोलणारा माणूस नव्हता. म्हणाला, "शुल्क जातलां तां जातलां. माका कळता. पण एका दिवसात काढू नको. टप्प्याटप्प्यान काढ. तीन वर्षां दी. बकलां सोडून मी दुसरां काय तरी बनवतलंय. हॉस्पिटलच्या खाटांचे क्लॅम्प, काय तरी. हात असत माझे. पण साचे बदलूक वेळ लागता गो."

अँथनी म्हणाला, "क्लॅम्पालापण पॉलिश लागतं." सगळे थोडेसे हसले.

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या लिहून घेतलं: 'शुल्ककपात तीन वर्षांत, टप्प्याटप्प्याने करावी, जेणेकरून लहान कारखान्यांना दुसऱ्या उत्पादनाकडे वळता येईल.' वाचून दाखवलं. नंदू म्हणाला, "बरां असा." निघताना त्याने ताईच्या पर्सचं बकल अंगठ्याने दाबून पाहिलं, सैल झालंय का म्हणून.

परतताना मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाई, उद्या समितीत भावाचं वगैरे काही काढू नका. वाक्य चांगलं आहे, आपल्या पायावर उभं राहील."

"माझा भाऊ आहे हे त्यांना कळायला नको?"

"कोण विचारतंय? मुंबईत परब काय कमी आहेत?"

"कमी नाहीत," बाई म्हणाल्या. "भाऊ एकच आहे."

"म्हणूनच म्हणतो."

"म्हणूनच सांगावं लागेल. गिरणीचं सगळं आतल्या आत ठरत होतं, गिरगावकर. कोण कुणाचा, ते दाराबाहेर कळत नव्हतं. मी तेच करू?"

दुसऱ्या दिवशी समितीत निवेदन एकेक मुद्दा करत पुढे गेलं. बकलांचा परिच्छेद आला. बाईंनी तो वाचला, आणि शेवटच्या वाक्याआधी थांबून म्हणाल्या, "पुढच्या वाक्यात माझा हितसंबंध आहे. माझ्या सख्ख्या भावाचा गाळा त्यात येतो. हे नोंदवून घ्या, आणि मग वाक्य ऐका." आणि वाचलं.

खोलीत एक प्रकारची आदरयुक्त शांतता पसरली. तिच्याइतकी भयंकर शांतता मी कचेरीत दुसरी अनुभवलेली नाही. निमंत्रक खरोखरच सज्जन माणूस. ते म्हणाले, "परबबाई, हे तुम्ही सांगितलंत, हा तुमचा मोठेपणा. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. पण आता आम्हाला कळलं आहे, तर वाक्य ठेवणं बरं दिसणार नाही. उद्या कुणी म्हणेल, महासंघ आपल्या माणसांच्या नातेवाइकांसाठी सवलती मागतो. तुमच्याच नावाला बट्टा लागेल."

माना हलल्या. प्रत्येकाला बाईंच्या नावाची काळजी होती.

मला राहवेना. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मग ते वाक्य माझ्या नावावर घाला. मला भाऊ नाही." मला वाटलं होतं, यातून ते विचारात पडतील. ते हसले. खूप हसले. खोलीतला ताण गेला, कुणीतरी बिस्किटांची बशी पुढे केली आणि ताण गेल्यावर माणसं करतात तेच त्यांनी केलं. ती पुढच्या मुद्द्याकडे वळली. वाक्य गळलं. डंकवाल्यांचं वाक्य राहिलं होतं, कारण लालबागच्या गल्लीत बाईंचं कुणी नव्हतं.

बाईंनी चष्मा पर्समध्ये टाकला. टक्. बैठक अजून अर्धी व्हायची होती, पण सगळे उठले.

अर्थसंकल्पात ती मागणी मान्य झाली. शुल्क गेलं, एका दिवसात. ऑफिसात पेढे आले. वर्तमानपत्रांना पाठवायच्या टिपणात मी 'ऐतिहासिक पाऊल' असं लिहिलं. बाईंनी 'ऐतिहासिक' खोडलं आणि 'पाऊल' ठेवलं. मग पर्स घेऊन चिंचपोकळीला गेल्या. ऐकवणीचा दुसरा भाग राहिला होता ना. मला बरोबर घेतलं नाही. तिथे काय झालं ते मला पुढे अँथनीकडून कळलं. बाईंनी वाचलं. वाक्य का गळलं, तेही सांगितलं, काही न लपवता. नंदूने प्रेस थांबवला नव्हता, त्यामुळे त्यांना मोठ्याने वाचावं लागलं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "बरां झालां, मॅडम."

अँथनी म्हणाला, "आधी मला वाटलं मस्करी करतो."

नंदू उपाशी मेला नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर बाई म्हणतील, नाटक करू नका. त्याने प्रेस आणि साचे भंगारात घातले आणि त्याच गाळ्यात बाहेरून आलेल्या बकलांचे खोके विकायला ठेवले. धंदा बरा चालला. बॅगवाल्यांना खरंच ऑर्डरी मिळाल्या. प्रेसवर त्याच्याकडे कामाला असलेली दोन माणसं पाठीवर डिलिव्हरीच्या पिशव्या घेऊन फिरू लागली. अँथनीला मात्र काही वाट नव्हती. बाहेरचा माल चकचकीत होऊनच यायचा. त्याचा गाळा गेला. पंखा नंदूकडे राहिला.

गणपतीला बाई नंदूकडे गेल्या. त्यांना खुर्ची दिली गेली, आरतीचं ताट पुढे केलं गेलं. "बसा, मॅडम." "प्रसाद घेवा, मॅडम." भांडण नाही, अबोला नाही; हेही अँथनीकडूनच कळलं. बाई पाच दिवसांची रजा घेऊन गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी कामावर हजर. मी विचारलं नाही. त्या वेळेला सुतळीही जवळ नव्हती.

निवृत्तीला थोडे महिने असताना पर्सचं बकल तुटलं. बाई ते घेऊन नंदूकडे गेल्या. त्याने सगळे खोके उघडून पाहिले. एकही बकल त्या पट्ट्याला बसेना; सगळी अरुंद, जगभर चालतात त्या मापाची. जुना साचा भंगारात गेलेला. "ह्यां नाय बसूचां, मॅडम. नवी पर्स घेवा." हे मला बाईंनीच सांगितलं, एखादी किरकोळ बातमी सांगावी तसं. नवी पर्स त्यांनी घेतली नाही. उघडी पर्स खांद्याला लावत आणि तिच्या झाकणावर तळहात दाबून चालत.

निरोप समारंभ आमच्याच सभागृहात झाला. चाळ पाडायची म्हणून नायगावची खोली तोवर रिकामी करून द्यावी लागली होती. बाई दूरच्या उपनगरात भाड्याने राहत होत्या आणि तिथून थेट आल्या होत्या. निमंत्रकांनी त्यांना 'महासंघाचा विवेक' म्हटलं. शेवटच्या रांगेत नंदू बसला होता. त्याला आमंत्रण मी दिलं होतं. तो येईल असं वाटलं नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात मांडीवर.

बाई थोडंच बोलल्या. "मी लोकांना आधी सांगत गेले. मला वाटायचं, आधी सांगितलं की दुखणं कमी होतं. तसं काही होत नाही. दुखायचं तेवढं दुखतंच. तरी सांगत जा. ते तुम्हाला शिव्या देतील. द्यायलाच हव्यात."

मग त्यांनी चष्मा काढला, पर्समध्ये टाकला आणि सवयीने झाकण पट्ट्यावर आणून दाबलं.

आवाज आला नाही.

सभागृह वाट बघत राहिलं. बाई आता आणखी काही सांगतील असं सगळ्यांना वाटलं. बाईंनाही कळेना, हे लोक का उठत नाहीत. त्या माइकपुढे उभ्या, एक हात पर्सवर. निमंत्रक पुढे झुकून बसलेले. मी टाळी वाजवायला हात उचलले आणि नेमका माझ्याच हाताने चहाचा कप सांडला.

मग मागच्या रांगेतून आवाज आला. मोठा नव्हता. "झालां मॅडमचां."

लोक हसले, टाळ्या वाजल्या, खुर्च्या सरकल्या. बाई त्या सगळ्या गलक्यातून मागच्या रांगेकडे बघत होत्या. नंदू तोवर दारापर्यंत पोचला होता.

मी खिडकीशी गेलो. आमचा मजला उंच. एवढ्या वरून रस्त्यावरची माणसं ओळखू येत नाहीत. नंदूला मी त्याच्या पांढऱ्या शर्टावरून ओळखलं. तो चिंचपोकळीच्या दिशेने चालला होता. त्याच्या मागे आणखी एक आकृती चालली होती, एक हात कुशीशी धरून, काहीतरी सांडू नये म्हणून दाबून धरल्यासारखा. बाईंना जायचं होतं तिकडची गाडी उलट्या बाजूला मिळते. त्या चालत राहिल्या. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती, एवढंच अंतर होतं. दोघं पुलाच्या सावलीत जाईपर्यंत ते तेवढंच राहिलं.